तात्यांचं प्रेशर

घेवड्याच्या शेंगा वेलावर वाळायला अजून दीड महिना लागणार होता आणि वानरं रोज यायला लागली होती.

आमचं गाव अंजनेरीच्या डोंगराखाली आहे. मारुतीचा जन्म या डोंगरावरचा, असं इथे सगळे मानतात. त्यामुळे वानराला दगड मारणं म्हणजे देवाच्या घरच्या माणसाला दगड मारणं. हाकलायचं तर हात जोडून, जा बाबांनो, असं म्हणून हाकलायचं. ती जात नाहीत. शेंग सोलतात, दाणा खातात आणि साल आपल्या अंगावर टाकतात.

आम्ही भाजीपाला लावतो आणि नाशिकला मार्केटला पाठवतो. मेथी, कोबी, टोमॅटो. त्यात वानरांनी खाल्लं तर मला एवढं वाटत नाही, पण हा घेवडा विकायचा नव्हता. तो माझ्या आईचा घेवडा. माझं माहेर सटाण्याकडचं. जांभळ्या काठाची शेंग, काळं बी आणि बियावर नखाने ओढल्यासारखी पांढरी रेघ. लग्नात आईने ते फडक्यात बांधून दिलं होतं आणि म्हणाली होती, "हाई बी शे, खावानं नही." आता आई नाही. माहेरी भाऊ पाकिटातलं बी लावतो. माझ्याकडे होतं त्यात गेल्या वर्षी राख कमी पडली म्हणून भुंगा लागला, आणि धड राहिलं ते मूठभर. बी कधी सगळं लावायचं नसतं, निम्मं ठेवायचं असतं. मूठभरातलं निम्मं काय ठेवायचं, असं म्हणून मी सगळं लावलं. ही चूक माझी. आता वेलावरच्या शेंगा वाळल्या तर बी राहणार होतं, नाही तर आईच्या घेवड्याचं नाव संपणार होतं.

हे मी यांना एकदाच सांगितलं, चुलीपुढे. आमच्या घरात मी चुलीपुढे बोलते आणि तेच हे दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर बोलतात. तसंच झालं. पारावर हे म्हणाले की वानरांचं काहीतरी करायला पाहिजे, आणि ते माझ्या धाकट्या दिरांनी ऐकलं.

दीर गंगापूर रोडच्या पुढे एका खेळाच्या मैदानावर कामाला आहेत. तिथे ऑफिसातली माणसं सुट्टीच्या दिवशी येतात, जाड जॅकेट घालतात, तोंडाला मुखवटे लावतात आणि एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात. त्याला पेंटबॉल म्हणतात. त्यासाठी ती माणसं पैसे देतात. हे दिरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करतात. मैदानावरच्या जुन्या बंदुका काढून नव्या घेतल्या होत्या, त्यातली एक जुनी दीर मागून घेऊन आले, आणि बरोबर खोकंभर केशरी गोळ्या. निळ्या आणि लाल गोळ्या संपतात, केशरी कोणी घेत नाही, असं ते म्हणाले. हवेची बाटली ते मैदानावरून भरून आणणार होते.

बंदूक दिसायला भारी होती. खाली हवेची बाटली, वर गोळ्यांचा डबा, आणि मधे चार बोटं लांब एक नळकांडं. बाटलीतली हवा फार जोराची असते, ती हे नळकांडं दाबून धरतं आणि गोळीला लागेल तेवढीच पुढे सोडतं. त्याला रेग्युलेटर म्हणतात. दीर हे सगळं पारावर समजावून सांगत होते तेव्हा मी पाणी द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

वानरांवर बंदूक हे ऐकून मारुतीच्या देवळाचे गुरव पुढे आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. वय ऐंशीच्या वर असेल. तात्यांनी नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, पण ते नाही म्हणाले नाहीत. ते विचार करायला बसले आणि अर्ध्या तासाने त्यांनी नियम सांगितले. गोळी वानराला मारायची नाही, शेजारच्या पत्र्यावर मारायची, आवाजाने जातील. मारायच्या आधी मोठ्याने जय बजरंगबली म्हणायचं, म्हणजे फसवून मारली असं होत नाही. शनिवारी मारायची नाही. आणि चुकून लागलीच, तर त्याला दुखता कामा नये.

"जी गोळी माणसाला सोसंल, तीच वानराला," तात्या म्हणाले.

मग माणसाला किती सोसतं ते बघायचं ठरलं. हे पुढे झाले, कारण विषय यांनी काढला होता. दिरांनी वीस पावलांवरून एक गोळी यांच्या मागच्या बाजूला मारली. हे ओरडले नाहीत. पण दोन दिवस हे उभ्याने जेवले, आणि मी तेल चोळायला गेले तर लिंबाएवढा काळानिळा डाग होता.

मैदानावर जाड कपडे असतात, म्हणून एवढी लागत नाही, असं दीर म्हणाले. वानरं कपडे घालत नाहीत, असं तात्या म्हणाले.

रेग्युलेटरच्या बुडाला एक स्क्रू आहे. तो उलटा फिरवला की हवा कमी सुटते. दिरांनी तो फिरवून बघितला. पण एक गोळी हळू जायची आणि पुढची एकदम जोरात. कधी कशी जाईल सांगता येईना. दीर म्हणाले की ही जुनी आहे, हिचं असंच. आणि बंदूक आमच्या ओट्यावर ठेवून कामाला निघून गेले.

दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ती उचलून बघितली. हे तरुण असताना द्राक्षांच्या बागांमध्ये औषध फवारायचं मशीन घेऊन जायचे आणि त्या मशीनचे वॉशर, नोझल आणि प्रेशरचा नट मीच उघडून साफ करायचे, कारण यांच्या बोटांना त्या कामाचा धीर नाही. त्या मशीनलाही रेग्युलेटर होता. बाटलीतून आलेली ताकद, तिला अडवणारी स्प्रिंग, आणि स्प्रिंगला दाबणारा नट. बंदुकीतही तेच असणार, असं वाटलं. दिरांनी सांगितलं होतं तशी आधी बाटली काढली, मग आत उरलेली हवा भिंतीकडे तोंड करून सोडून दिली. खोक्यात एक कागद होता, पण तो इंग्रजी. चित्र होतं, ते बघितलं.

आत एक दट्ट्या, एक रबराची रिंग आणि एक स्प्रिंग निघाली. रिंगेला बारीक चीर होती. एक गोळी हळू आणि एक जोरात का जाते ते कळलं. स्प्रिंग मात्र चांगली होती, पण फार ताठ. ऑफिसातल्या माणसांना मारायची स्प्रिंग होती ती. वानराला लागणारं प्रेशर तिच्यात बसतच नव्हतं.

मी बॉलपेनची स्प्रिंग घालून बघितली, ती आत जाऊन बसली आणि काही करेना. मग फवारणीच्या हातातल्या गनची स्प्रिंग काढली. ती बरोबर बसली, जाडीलाही आणि लांबीलाही. रबराची रिंग यांच्या मशीनच्या जुन्या डब्यात सापडली. दिरांनी सांगितलं होतं की मशीनचं ऑइल लावलं तर रबर सडतं, म्हणून मी खोबरेल लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर यांनी बंदूक उचलली, जय बजरंगबली म्हटलं, चाप ओढला आणि काहीच झालं नाही. थंडीत घरातलं खोबरेल बाटलीत गोठतं, ते बंदुकीत का गोठणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यांनी माझ्याकडे बघितलं. दुपारी मी ते उन्हात ठेवून पुसून काढलं आणि गोडेतेल लावलं. शेंगदाण्याचं तेल आमच्याकडे कधी गोठत नाही.

परीक्षेला तात्या स्वतः उभे राहिले. म्हाताऱ्याची कातडी वानरासारखी पातळ असते, म्हणून आपणच योग्य, असं त्यांचं म्हणणं. देवळापुढे सदरा काढून, पाठ करून, हात जोडून ते उभे राहिले. हातात जपाची माळ. आम्ही बायका भिंतीआड. यांनी मारली. गोळी तात्यांच्या पाठीला लागली, फुटली नाही, टप्पा खाऊन खाली पडली आणि नंदीसारख्या बसलेल्या एका कुत्र्यापाशी गेली. कुत्र्याने ती हुंगली.

तात्या बराच वेळ तसेच उभे. मग म्हणाले, "मारा की आता."

हे घरी आले, मला ओट्यापाशी गाठलं आणि हळूच म्हणाले की जरा जास्त पाहिजे. मी स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. हे परत गेले. या वेळी गोळी फुटली आणि तात्यांच्या पाठीवर तळहाताएवढा केशरी डाग पडला. तात्यांनी मान वळवून सांगितलं की नातवाने चापट मारल्यासारखं वाटलं, चालेल. मी स्क्रूवर त्या जागी नेलपॉलिशची खूण केली. गावात त्या खुणेला तात्यांचं प्रेशर म्हणायला लागले.

काम सुरू झालं. हे रोज पहाटे वावरात जाऊन बसायचे. वानरं आली की जय बजरंगबली, आणि पत्र्यावर गोळी. पत्रा वाजायचा, वानरं चिंचेवर जायची. चार दिवसांत वानरांनाही नियम कळले. जय बजरंगबली ऐकलं की ती आपली आपणच चिंचेवर जायची, गोळी मारून झाली की खाली उतरायची. शनिवारी दिवसभर बसायची. एका शनिवारी मी बांधावर उभी राहून बघितलं, माझ्या घेवड्याची एक अख्खी रांग साफ झाली होती. दोन रांगा उरल्या होत्या. शेंगांचा जांभळा काठ फिका पडायला लागला होता, म्हणजे वाळायला लागल्या होत्या.

मग तो दिवस आला. यांनी आरोळी दिली, चाप ओढला, आणि त्याच वेळी कळपातला मोठा हुप्प्या घेवड्याच्या मांडवावरून पत्र्यावर उडी मारायला निघाला. गोळी त्याच्या खांद्यावर फुटली. त्याला लागलं नसावं, कारण तो पळाला नाही. तिथेच बसला, खांद्याकडे बघितलं, हाताने रंग पुसला, हाताचा वास घेतला, आणि तो हात आपल्या कपाळाला आणि दोन्ही गालांना पुसला.

करडं अंग, काळं तोंड, आणि त्यावर केशरी. शेंदूरच तो.

यांनी बंदूक खाली ठेवली. चपला काढल्या.

कळपातल्या बाकीच्या वानरांना मात्र तो शेंदूर वाटला नाही. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सगळी किंचाळत डोंगराकडे पळाली. तो त्यांच्या मागे गेला, तशी ती आणखी पुढे पळाली. संध्याकाळी तो एकटा परत आला आणि आमच्या बांधावरच्या दगडावर बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जाऊबाई रुईच्या पानांची माळ घेऊन आल्या. त्यांच्या मागे सगळी आळी. केळी, शेंगदाणे, गूळ, नारळ. एकीने तेल आणलं होतं, पण ते त्याच्या अंगावर कोण ओतणार, म्हणून दगडावर ओतलं. त्याने माळ तोडून फेकली, केळी खाल्ली. नारळाशी बराच वेळ बसला. बाहेरगावची माणसंसुद्धा गाड्या घेऊन यायला लागली, आणि आमच्या मेथीच्या वाफ्यातून एक पायवाट पडली.

पण घेवडा वाचला. कळप त्याच्या भीतीने वावरात उतरत नव्हता, आणि त्याला केळ्यांपुढे शेंगांची गरज नव्हती. मी रोज जाऊन शेंगा चाचपायचे. दोन रांगा, उभ्याच्या उभ्या. शेंग पिवळी पडली, मग आतलं बी हाताला लागायला लागलं. अजून आठ-दहा दिवस. माझ्या आयुष्यात मी एवढी खूश कधी नव्हते, असं मला दिवसभर वाटायचं.

संध्याकाळी वाटायचं नाही. संध्याकाळी माणसं गेली की तो डोंगराकडे तोंड करून हूप हूप असं ओरडायचा. वरून कधी उत्तर यायचं, कधी नाही. एकदा एक मादी पोटाशी पिल्लू धरून टेकाडाच्या कडेपर्यंत आली. तो उठून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग वळून गेली. तो परत बसला. त्याच्या पुढे केळ्यांचा ढीग होता. त्याने एक सोललं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

तो रंग पाण्याने धुतला जाणारा होता. रोजच्या दवाने आणि त्याच्या चाटण्याने तो फिका व्हायला लागला. कपाळावरचा आधी गेला. गावात काळजी पसरली. पारावर मोठी बैठक झाली आणि त्यात ठरलं की देवाला पुन्हा एकदा गोळी मारायची. ज्यांनी महिन्यापूर्वी वानरावर बंदूक म्हणजे पाप असं म्हटलं होतं, तेच आता नारळ घेऊन आमच्या दारात आले. फक्त प्रेशर कमी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. तात्यांचं प्रेशर माणसासाठी होतं, आता तो साधा वानर नाही. फूल पडल्यासारखं प्रेशर पाहिजे. आणि जागा कपाळाच्या जवळ, पण डोळ्याला धक्का नको.

मग कोण मारणार, असा प्रश्न आला. हे म्हणाले की माझा हात थरथरतो. दीर त्या दिवशी घरी होते, ते म्हणाले की ज्याने मशीन बसवलं त्यानेच मारावं.

"म्हणजे तूच की," कोणीतरी म्हणालं.

"मी कुठे? वहिनींनी बसवलं. आतली स्प्रिंग त्यांनीच बदलली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझे कान एवढे तापले की पदराला चटका बसेल असं वाटलं. हे खाली बघत होते. महिनाभर हे पारावर आपल्या हातचं मशीन म्हणून सांगत होते, ते मला त्याच दिवशी कळलं. बंदूक कोणीतरी माझ्या हातात दिली.

आम्ही सगळे वावरात गेलो. तो दगडावर बसला होता, एक हात गुडघ्यावर, तोंड डोंगराकडे. गालावर थोडा केशरी राहिला होता. डाव्या हाताला माझा मांडव होता. शेंगा अजून पूर्ण वाळल्या नव्हत्या. एक गोळी मारली असती तर आणखी पंधरा दिवस कळप आला नसता आणि आईचं बी घरात आलं असतं. हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. तो किती दिवस तसा बसून राहिला असता, तेही दिसत होतं.

मी सगळ्यांकडे पाठ केली, पदराआड बंदूक धरली आणि स्क्रू फिरवला. लोकांना वाटलं, फुलाचं प्रेशर लावते आहे.

जय बजरंगबली माझ्या वतीने सगळ्या गावानेच म्हटलं. मी चाप ओढला. फुस्स असा आवाज झाला आणि गोळी नळीच्या तोंडातून घरंगळून माझ्या पायावर पडली. परत ओढला. परत तेच. तिसऱ्यांदा गोळी पडलीसुद्धा नाही, नळीच्या तोंडाशी येऊन थांबली. त्याने आमच्याकडे वळून बघितलं, मग पुन्हा डोंगराकडे बघितलं.

देवाची इच्छा नाही, असं एक जण म्हणाला. मग दोघं म्हणाले. मग सगळ्यांनाच ते पटलं. नारळ दगडापाशी फोडला, प्रसाद वाटला आणि माणसं घरी निघाली. दीर बंदूक बघायला मागत होते, मी दिली नाही.

तात्या मागे राहिले होते. काठी टेकत जवळ आले आणि हळूच विचारलं, "किती फेरं उलटं दिलंस गं पोरी?"

"सगळे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि मांडवाकडे काठी केली. "मग उभी काय राहिलीस? तोड जा."

मी त्याच संध्याकाळी तोडल्या. ज्या पिवळ्या झाल्या होत्या त्या सगळ्या, आणि ज्या होत होत्या त्यातल्याही काही. तात्या बांधावर बसून होते आणि तो त्याच्या दगडावर. हिरव्या होत्या त्या वेलावरच राहू दिल्या. घरी आणून माळ्यावर पसरल्या.

चौथ्या दिवशी तो दगडावर नव्हता. शनिवारी कळप उतरला, त्यात तो होता. ओळख नसल्यासारखा मांडवावर चढला आणि उरलेल्या शेंगा त्याने एकेक करून खाल्ल्या. मी बांधावर उभी होते. एक साल त्याने माझ्या अंगावर टाकली.

माळ्यावरच्या शेंगा सोलल्या तेव्हा बरंच बी चिवट आणि सुरकुतलेलं निघालं. काळं, टणक, पांढऱ्या रेघेचं असं निघालं ते दोन मुठींना थोडं कमी. डब्यात घातलं, वर भरपूर राख. मृगात निम्मं लावलं, निम्मं ठेवलं. आता वेल मांडवाला लागले आहेत.

बंदूक गोठ्यात खुंटीला आहे. पावसाळ्यात केशरी गोळ्या फुगून एकमेकांना चिकटल्या. स्क्रू मी अजून खुणेवर परत आणलेला नाही. फवारणीची गन मात्र तेव्हापासून गळते आहे, आणि हे दर फवारणीला तिला शिव्या देतात. तिच्या आत स्प्रिंग नाही, हे मी यांना एकदा सांगायला पाहिजे.